माझ्या कथेतली माणसं कस्टमर केअरला असल्यासारखी का बोलतात?

पाऊणकथा

मंडळी, जरा मदत हवीये. कथा लिहितोय, पहिलीच, म्हणजे पूर्ण होईल असं वाटणारी पहिलीच. डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं घर, रिटायर झालेले नाना, मुलगा अमोल, लग्न होऊन चार महिने झालेली सून केतकी आणि सकाळी भांड्यांना येणाऱ्या मावशी. बरी जमलीये असं मला वाटत होतं, मग एका मित्राला वाचायला दिली तर त्याने तिसऱ्या पानावर थांबून विचारलं की ही सगळी कस्टमर केअरला कामाला आहेत का. तुकडा देतोय, वाचून हसू नका (हसा).

"नाना, कृपया मला तो रिमोट देऊ शकाल का?" केतकी म्हणाली.
"नक्कीच. हा घे."
"धन्यवाद नाना."
मग ती मावशींकडे वळली. "मावशी, तुम्ही कृपया उद्या लवकर येऊ शकाल का?"
"हो, मी नक्की येईन."

मी इंग्लिश मीडियमचा, वाचनही जास्त इंग्रजीच. पण घरी मी काही असा बोलत नाही हो, लिहायला बसलो की कृपया आपोआप उमटतं. मग मी सगळी कृपया आणि धन्यवाद उडवून बघितली तर झालं "नाना, रिमोट द्या." "घे." "मावशी, उद्या लवकर या." आता ते घर न वाटता लॉकअप वाटतंय. तर मराठी माणूस विनंती करतो तरी कशी? का करतच नाही?

फोडणी

करतो रे बाबा, दिवसभर तेच करतो. पण आमच्या घरात कोणी कृपया म्हणालं तर आधी कपाळाला हात लावून ताप बघतील. कृपया हा पाटीवरचा शब्द आहे, "कृपया चपला बाहेर काढाव्यात", "कृपया सुटे पैसे द्यावेत". पाटीला गळा नाही, डोळे नाहीत, म्हणून तिला तो लागतो.

माझे सासरे गेले तेव्हा माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि या सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे एकदाही चहा मागितला नाही. चार वाजले की पेपरची घडी घालायचे, चष्मा काढून केसमध्ये ठेवायचे आणि म्हणायचे, "किती वाजले गं?" समोर भिंतीवर घड्याळ, त्याला चावीही तेच द्यायचे. मी म्हणायची "ठेवतेय". झालं संभाषण. एकदा काय माझं डोकं फिरलं होतं, मी सरळ उत्तर दिलं, "चार वाजून पाच मिनिटं." तर "बरं बरं" म्हणाले, चष्मा परत घातला आणि पेपर परत उघडला, आतलं पान, जे सकाळीच वाचून झालेलं होतं. मलाच कसंतरी झालं, उठले आणि आधण ठेवलं. आता यात आज्ञा कुठे, विनंती कुठे, माफी कुठे, सांग बरं. आणि त्यांनी "सूनबाई, कृपया चहा देशील का" म्हटलं असतं तर मला वाटलं असतं काहीतरी बिनसलंय.

दुसरं म्हणजे आपण क्रियापद गिळतो. नवऱ्याला मी "अहो, तेवढा पंखा" एवढंच म्हणते. लावायचा की बंद करायचा ते त्यांना कळतं. ताटावर बसलेला माणूस "जरा मीठ" म्हणतो, आणि जो नुसताच "आज भाजी..." म्हणून थांबतो त्यालाही मीठच हवं असतं, फक्त त्याला ते मागायची भीती वाटते.

तुझ्या केतकीला चार महिनेच झालेत ना, मग ती नानांकडे रिमोट मागणारच नाही. फार तर विचारेल, "नाना, बातम्या संपल्या का?"

कोरा कागद

फोडणीताईंशी सहमत, पण थोडं व्याकरण येऊ द्या. घाबरू नका, छोटंच आहे (नाहीये).

शाळेत क्रियापदाचे चार अर्थ शिकवले होते आठवतंय का, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. आज्ञार्थात आज्ञेबरोबर प्रार्थना, विनंती, उपदेश, आशीर्वाद हे सगळं एकाच डब्यात असतं. आणि प्रार्थनेचं उदाहरण कायम "देवा, सर्वांना सुखी ठेव" असलं काहीतरी. म्हणजे सगळ्यात मोठ्याकडे मागताना आपण काय वापरतो तर तू आणि नुसता "ठेव". रूप तेच जे "पिशवी खाली ठेव"मध्ये. तुकोबांचं "हेंचि दान देगा देवा" घ्या, त्यात "दे"ला फक्त एक "गा" जोडलाय, जवळिकीचा. उलट ज्ञानेश्वरीच्या शेवटी, म्हणजे इ.स. १२९०, पसायदानात "विश्वात्मकें देवें" आणि "तोषावें", "द्यावें". तिथे तू नाही, देव तृतीयेत, क्रियापदाला वें, समोरच्याच्या अंगावर न जाता मागणं. दोन्ही मागणीच, दोन्ही देवाकडेच, पण एक जण दारात उभा राहून हाक मारतोय आणि एक जण भरल्या सभेत हात जोडून उभा आहे. सांगायचं एवढंच की नुसता आज्ञार्थ उद्धट असतो हा समज डोक्यातून काढा. नुसता "दे" हा एकतर सगळ्यात जवळच्याला किंवा सगळ्यात खालच्याला. कोणत्या अर्थाने ते कथेने आधीच ठरवलेलं पाहिजे, वाक्याने नाही.

आता तुमच्या मावशी. "उद्या लवकर या" हे एक. "उद्या लवकर याल?" यात भविष्यकाळ आला, समोरच्याला नाही म्हणायला फट ठेवली. "याल ना" म्हटलं की ती फट अर्धी बुजवली. "या की" यात अडचण काय आहे असा सूर. "उद्या लवकर यायचं हं" हे मुलाला, पेशंटला किंवा ज्याच्यावर आपला हक्क आहे त्याला, कारण यात बोलणारा नाहीसा होतो आणि हुकूम नियमाचा वेष घेतो, डॉक्टर "गोळी जेवणानंतर घ्यायची" म्हणतात तसं. "यावं" हे व्यासपीठावर. आणि लग्नपत्रिकेत तर "अगत्य येण्याचे करावे", म्हणजे या हे क्रियापद आधी नाम केलं, मग त्याला करावे जोडलं, दोन पडद्यांआडून बोलावणं.

शिवाय शेपट्या. "बरं" ही शेपटी फक्त वरून खाली जाते, "ये बरं इकडे", "बस बरं खाली". केतकी नानांना "द्या बरं तो रिमोट" म्हणाली तर एकतर ती नर्स आहे किंवा घरात भांडण आहे. "ना" खालून वर जाते, लाडात येते. "जरा" आणि "तेवढं" काम लहान करून दाखवतात, "तेवढं लाईट बिल भरून टाक" म्हणताना बिल तेवढंच असतं, पण ऐकणाऱ्याला वाटतं जाता जाता होईल.

आणि तुमचं "देऊ शकाल का", हे मराठीत ताकदीबद्दल विचारणं आहे. नानांचा हात मोडला असेल तर ठेवा.

रंकाळ्यावरचा

हाहा हात मोडला असेल तर ठेवा. आमच्याकडं की शिवाय वाक्यच सुटत नाही. या की, बसा की, च्या घ्या की, जेवूनच जावा की. पुण्याचा एक मित्र पहिल्यांदा घरी आला तर परत जाताना मला म्हणतो तुमच्याकडं सगळे ऑर्डर सोडतात रे. अरे भावा ती ऑर्डर नव्हे, तो आग्रह. माझ्या आईनं त्याला "आणि एक भाकरी घेणार का?" असं विचारलं असतं तर त्यानं नको म्हटलं असतं आणि आईला पण तेच पाहिजे असतं असा अर्थ झाला असता. प्रश्न विचारणं हे आमच्यात कंजूषपणाचं लक्षण. ताटात वाढायचं आणि मग म्हणायचं, खा की.

बर्डीवाला

आमच्या नागपूरकडे "जी" लावा, सगळं मऊ होते. "बसा ना जी", "काका, जरा सरकता का जी". आणि दोस्ताला "सरक ना बे". एकच बस, एकच सीट. तुमच्या मावशी कुठल्या आहेत ते ठरवा आधी, डोंबिवलीत काय सगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या असतात.

नारळाची वाडी

मालवणकडून एक. आमच्या घरात आजोबांनाही तूच, "आजा, तू जेवलंस?" आणि मान काही कमी नाही, उलट आजोबा खोलीत आले की सगळे खुर्चीवरून उठायचे. मुंबईची वहिनी लग्न करून आली आणि तिने आजोबांना "तुम्ही घ्या ना आजोबा" सुरू केलं, तर आजोबा महिनाभर विचारत होते की हिचा माझ्यावर राग आहे काय म्हणून. तेव्हा तू म्हणजे अपमान असं सरसकट धरू नका.

तिसरी घंटा

मी हौशी नाटकं बसवतो, त्यामुळे माझा अनुभव वेगळ्या बाजूने. पात्र कुठलं रूप वापरतं यापेक्षा ते रूप कुठे बदलतं ते बघा, खरी गंमत तिथे असते. तुम्ही सगळ्यांना पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच सुरात सभ्य ठेवलंत तर तुमच्या हातातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं हत्यार गेलं.

एक प्रसंग मी तालमीत नेहमी करून घेतो. पोलीस ठाणं, बाकड्यावर एक म्हातारा, समोर हवालदार. "ए, बस तिकडं. बस म्हटलं ना." म्हातारा बसतो. फोन वाजतो. हवालदार ऐकतो, "हो साहेब, हो साहेब, आहेत ना, इथंच आहेत." फोन ठेवतो. "बसा हो आजोबा, उभे का तुम्ही?" आजोबा बसलेलेच असतात. हे वाक्य म्हणताना नट थांबला नाही पाहिजे, ओशाळला नाही पाहिजे, बस. मधल्या फोनवर कोण होतं ते सांगायची गरज प्रेक्षकाला कधीच पडली नाही. "बस"चं "बसा" झालं आणि फोनच्या पलीकडचा माणूस दिसला.

घरातही तेच. रात्री उशिरा आलेल्या पोराला आई "आलास?" म्हणाली तर ठीक आहे, "या, आलात? बसा, पाट मांडू का?" म्हणाली तर त्याने समजावं आज काही खरं नाही. आदर वाढला की धोका वाढला. आणि आयुष्यभर अहो-जाहो करणारी बायको नवऱ्याच्या आजारपणात, रात्री दोनला, खोलीत कोणी नसताना एकदा "ऊठ ना रे" म्हणाली, तर त्यावर एक ओळही जास्त लिहू नका.

अजून एक, हे भाषांतर करणाऱ्या एका मैत्रिणीला समजावताना माझी दमछाक झाली होती. पाहुणा दारात चप्पल घालतोय, यजमान म्हणतो, "बरं, या मग." तिने शब्दशः नेलं, म्हणजे पाहुणा निघालाय आणि हा त्याला आत बोलावतोय! आपल्याकडे निघणाऱ्याला "जा" म्हणत नाहीत आणि निघणाराही "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. म्हणून तर "जा" हा शब्द जपून वापरा. कथेत ज्या दिवशी एखादा बाप मुलाला दारात नुसतं "जा" म्हणेल त्या दिवशी वाचकाच्या पोटात खड्डा पडला पाहिजे, आणि तो पडायला आधीच्या चाळीस पानांत त्याने "ये" म्हटलेलं असलं पाहिजे.

मोडी मोडकी

अवांतर, पण ऐतिहासिक कथा लिहिणारे इथे बरेच आहेत म्हणून. दरबार आला की सगळे "जशी आज्ञा" आणि "आज्ञा असावी" करत सुटतात. जुनी पत्रं वाचली तर मागण्याची पायरी फार बारीक दिसते. वरच्याला लिहिताना विज्ञापना, बरोबरीच्याला विनंती, खालच्याला हुकूम आणि शेवटी जाणिजे. हुकमाचं क्रियापदही आज्ञार्थी नसतं बऱ्याचदा, "पाठवून देणे", "ताकीद करणे" असं नुसतं णे. आजही ऑफिसच्या परिपत्रकात "माहिती तातडीने सादर करणे" येतं ते त्याच घरातलं. आणि हुकमाच्या शेवटी पुष्कळदा "बहुत काय लिहिणे, सुज्ञ असा", म्हणजे काम सांगून झाल्यावर तुम्ही शहाणे आहात असं म्हणून वर ओझंही टाकायचं. धमकी आहे की कौतुक ते पत्र मिळालेल्याने ठरवावं.

शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकांत बायको नवऱ्याला तू, तुम्ही, आपण काहीच म्हणायची नाही, "इकडून येणं कधी झालं?" माणूसच वाक्यातून गायब, फक्त दिशा. तो काळ लिहिणार असाल तर हे आणि आजचं "अहो ऐका ना" एकाच पात्राच्या तोंडी घालू नका, मी एका स्पर्धेत अशी कथा वाचलीये.

वडापाव नंबर दोन

सगळे काका-काकू बोलून घ्या, पण आजची पोरं प्लीज आणि थँक्यू म्हणतात, हे पण लिहा की. अमोल-केतकी तिशीतले आहेत ना?

फोडणी

म्हणतात ना, माझी मुलगी उठता-बसता म्हणते. पण ऐक नीट. "आई, प्लीज ना, प्लीज" म्हणजे हट्ट. "आई, प्लीज!" म्हणजे गप्प बस, मैत्रिणींसमोर नको. नुसतं पाणी हवं असलं तर प्लीज नसतंच, तिथे "आई, पाणी" असतं. आणि थँक्यू ती रिक्षावाल्याला म्हणते, मला नाही. तिने एकदा आजीला थँक्यू म्हटलं तर आजी म्हणाली, थँक्यू काय त्यात, मी काय शेजारची आहे?

वडापाव नंबर दोन

हे बरोबर आहे राव. मी पण आईला थँक्यू फक्त तिने चिडून काही दिल्यावर म्हणतो.

पाऊणकथा

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. कालची रात्र यातच गेली, परत लिहून बघितलं. बापाचं ते दारातलं "जा" वाचून मी शेवटचा प्रसंगही बदलतोय पण तो नंतर, आधी हे बघा.

त्याच बातम्या तिसऱ्यांदा लागल्या. केतकी दारात येऊन उभी राहिली.
"नाना, झाल्या बातम्या?"
"हं."
ती तिथेच उभी.
"काही लावायचंय का तुला?"
"नाही नाही, बघा तुम्ही. ते आपलं... नऊला असतं."
नानांनी घड्याळाकडे बघितलं. मग रिमोट टीपॉयवर ठेवला, तिच्या बाजूला थोडा सरकवला. "पेपर कुठे ठेवलास गं सकाळचा?"
आत भांड्यांचा आवाज थांबला. केतकी स्वयंपाकघरात डोकावली.
"मावशी, उद्या जरा लवकर याल? पाहुणे आहेत."
"किती लवकर?"
"सातला?"
मावशींनी पदराला हात पुसले. "बघते."

कोरा कागद

कितीतरी बरं. "ते आपलं" फार आवडलं. एक शंका, "घड्याळाकडे बघितलं" काढून टाकलं तरी चालेल, पण असू दे.

तिसरी घंटा

"पेपर कुठे ठेवलास गं" छान. रिमोट दिला हे त्यांना मान्य करायचं नाहीये. माझा नट असता तर मी त्याला रिमोटकडे बघूसुद्धा नको म्हटलं असतं.

फोडणी

सगळं छान, पण मावशी "बघते" म्हणाल्यात. म्हणजे उद्या त्या येणार नाहीत, हे तुला माहितीये ना? यायचं असतं तर "सातला नाही जमायचं, साडेसातला येते" म्हणाल्या असत्या, वर दोन वाक्यं मुलाच्या शाळेबद्दल ऐकवली असती. घासाघीस करतो तो येतो. "बघते", "बघू", "सांगते" ही सगळी नाहीची भावंडं. मुद्दाम केलं असशील तर टाळ्या.

पाऊणकथा

मुद्दाम नव्हतं :) आमच्या मावशी तसंच म्हणतात म्हणून लिहिलं. आणि आत्ता आठवलं, त्या दिवशी त्या आल्याच नव्हत्या, आईने शिव्या घातलेल्या. म्हणजे आता पुढचा प्रसंग असा की पाहुणे नऊला येणार, केतकी सिंकपाशी भांडी घासतेय आणि नाना मागे येऊन उभे राहिलेत, त्यांना काहीतरी म्हणायचंय. काय म्हणतील ते अजून सुचलेलं नाही. "किती वाजले गं" तर नक्कीच नाही.

फोडणी

काही म्हणणार नाहीत. फडकं घेतील आणि ताटं पुसायला लागतील. केतकी "अहो नाना, राहू द्या ना" म्हणेल, ते पुसतच राहतील.

पाऊणकथा

हे ढापतोय. पुढचा भाग रविवारी टाकतो, जरा नजर टाकाल सगळे?

रंकाळ्यावरचा

टाक की.